साक्षीबाईंची चूक

साक्षीबाईंना खऱ्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. वकिलाच्या ऑफिसात सदतीस वर्षं टायपिस्ट म्हणून काढलेल्या या बाईंनी इतक्या मृत्युपत्रांवर साक्षीदार म्हणून सही केली होती की, गावातली निम्मी घरं त्यांच्या सहीवर उभी आहेत असं लोक गमतीने म्हणत. बाईंना ते ऐकून बरं वाटे. ‘निम्मी’ हा आकडा मात्र त्यांना कमी वाटे.

बाई ठेंगण्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि अंबाड्यात कायम एक लाल पेन्सिल खोचलेली. ती पेन्सिल कधी बाहेर येईल याचा नेम नसे. कोणाच्या लग्नाची पत्रिका आली, तरी ती आधी दुरुस्त व्हायची आणि मग कपाटावर जायची. दुसऱ्याची चूक सापडली की बाईंच्या चेहऱ्यावर तेज चढे. स्वतःची त्यांना कधी सापडलीच नव्हती, त्यामुळे तशा वेळी चेहऱ्याचं काय होतं हे कोणाला ठाऊक नव्हतं.

मृत्युपत्र वाचायची त्यांची रीत उलटी होती. शेवटचं पान आधी. ‘‘पहिल्या पानावर कोणाला काय दिलं ते लोक वाचतात,’’ त्या म्हणत, ‘‘आणि भांडतात शेवटच्या पानावरून.’’ सही कुठे आहे, तारीख कोणती, साक्षीदार दोन आहेत की दीड, हे आधी बघायचं. ते नीट असेल तरच बाकीचं वाचण्यात अर्थ.

एका शब्दाशी तर त्यांचं उभं वैर होतं. ‘माझ्या मुलाने आईचा सांभाळ करावा,’ असं कोणी सांगायला लागलं की पेन्सिल बाहेर.

‘‘करावा म्हणजे काय हो आजोबा? केला तर केला, नाही तर नाही? ‘करावा’ ही इच्छा झाली. इच्छेला कोर्ट भीक घालत नाही. ‘करील’ म्हणा. ‘न केल्यास घर मिळणार नाही’ म्हणा.’’

आजोबा बिचारे घाबरून ‘करील’ म्हणत. बाईंनी आयुष्यात किती ‘करावे’ खोडले असतील, याची गणती नाही.

आणि मग सहीची वेळ आली की बाई उठत, दार उघडत आणि खोलीतल्या सगळ्या मुलांना, सुनांना, पुतण्यांना एकच वाक्य ऐकवत. ‘‘ज्याला ज्याला काही मिळणार आहे, त्याने बाहेर बसायचं.’’

बाहेर जिन्यापाशी एक लाकडी बाक होता. कठीण, अरुंद, पाठीला टेकू नसलेला. वारसांना फार आराम बरा नव्हे, असं बाईंचं मत होतं. पण बाहेर काढायचं कारण साधं होतं. त्यांच्याकडचा कायदाच असा होता की, मृत्युपत्रातून ज्याला काही मिळणार आहे त्यानेच साक्षीदार म्हणून सही केली, तर मृत्युपत्र राहतं, पण त्या माणसाला मिळणारं जातं. साक्षीदार कोरा हवा, त्याचा काडीचाही फायदा नको. म्हणून वारस बाहेर, साक्षीदार आत. सदतीस वर्षं हे वाक्य म्हणून बाई दार लावून घेत आणि स्वतः आत राहत. त्यांना कधी कोणी काही ठेवलंच नव्हतं, त्यामुळे बाहेर बसायचा प्रश्नच आला नव्हता.

बाई राहायच्या त्यांच्या मोठ्या भावाच्या घरी. लग्न केलं नव्हतं. का, असं कोणी विचारलं तर ‘‘मसुदा पसंत पडला नाही’’ म्हणत आणि विषय मिटवत. दादांचं घर दुमजली. खाली गादीकामाचं दुकान, मागे स्वयंपाकघर, वर दोन खोल्या. दादा खुर्च्या आणि सोफे नव्याने भरून द्यायचे. दिवसभर मांडी घालून बसायचे, समोर पालथी घातलेली खुर्ची, मांडीवर काथ्याची धूळ, आणि तोंडात चुका.

गादीकामातल्या बारीक खिळ्यांना चुका म्हणतात. एका हातात कापड ताणून धरलेलं, दुसऱ्यात हातोडी, मग खिळे ठेवायचे कुठे? तोंडात. दादा जिभेने एकेक चूक ओठांवर आणत आणि ठोकत. पन्नास वर्षांच्या सरावाने तोंडात वीस चुका असतानाही ते गप्पा मारू शकत. बहिणीला चिडवायला तर त्यांना तोंड रिकामं करावंच लागत नसे.

‘‘माझ्या तोंडातून रोज शंभर चुका निघतात,’’ ते म्हणत. ‘‘तुझ्या तोंडून एक तरी निघू दे. मरायच्या आत ऐकायची आहे.’’

‘‘मग तू काही मरत नाहीस,’’ असं म्हणून बाई जिना चढून जात.

घरात तिसरा होता बाळ, दादांचा मुलगा. वय अडतीस, पण बाळच. बुद्धी जिथे थांबायची तिथे लहानपणीच थांबली होती. आई लवकर गेली होती, आणि मोठा केला तो आत्याने. जुन्या खुर्च्यांमधल्या गंजक्या चुका चिमट्याने उपटायच्या, लहान ऐरणीवर ठेवून सरळ करायच्या आणि मापाप्रमाणे डब्यांत टाकायच्या, हे त्याचं काम. ते तो इतकं मन लावून करी की तेवढ्यासाठी लांबचे लोक खास दादांकडे खुर्च्या आणत. दोष म्हणाल तर एकच. त्याला नाही म्हणता येत नसे. कोणी मागितलं की दिलं. घड्याळ दिलं, सायकल दिली, नवी छत्री दिली. एकदा गिऱ्हाइकाची आरामखुर्ची रस्त्याने जाणाऱ्या एका दमलेल्या माणसाला उचलून दिली. ‘‘त्याचे पाय दुखत होते,’’ एवढंच त्याचं म्हणणं. घर बाळच्या नावावर केलं तर ते संध्याकाळपर्यंत टिकणार नाही, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

दादांना एक मुलगीही होती, थोरली. ती मनाने चांगली, पण नवऱ्यापुढे तिचं काही चालत नसे. जावई दर भेटीला भिंतीवर पंजा ठेवून, जणू घोड्याची पाठ थोपटतोय अशा थाटात म्हणत, ‘‘जागा मोक्याची आहे हं, मामा!’’ एवढं बोलून ते गप्प बसत. काय ते समजायला दादांना तेवढं पुरत होतं.

तर सात वर्षांपूर्वी दादांनी मृत्युपत्र केलं. केलं म्हणजे अकरा वर्षं मागे लागून बहिणीने करून घेतलं. वकीलसाहेब तेव्हा हयात होते. त्यांनी फार सुरेख मसुदा बांधून दिला होता. घर ट्रस्टमध्ये. ट्रस्टी बाई. बाळ जिवंत असेपर्यंत ते विकायचं नाही, गहाण टाकायचं नाही, कोणाला बक्षीस द्यायचं नाही. बाळने तिथेच राहायचं, आणि त्याला सांभाळायला बाईंनाही वरच्या खोल्यांमध्ये शेवटपर्यंत राहण्याचा हक्क. शिल्लक असेल ती आणि शिवणयंत्र थोरलीला. मागणारा कितीही गोड बोलला, तरी बाळच्या हातात द्यायला घर असणारच नाही, ही त्यातली खुबी. घर बाळचं आणि तरी बाळपासून सुरक्षित.

सगळं झालं, पण दादा सहीला ऑफिसात येईनात. ‘‘तिथे गेलेला माणूस मरतो.’’ कोण समजूत घालणार? शेवटी बाई ऑफिसच्या शिपायाला घेऊन दुपारी दुकानातच आल्या. दादांनी हात पुसले, सही केली. शिपायाने साक्ष घातली. बाईंनी पाकिटाला लाख लावली, ते ऑफिसच्या लोखंडी कपाटात ठेवलं आणि त्या रात्री अकरा वर्षांत लागली नसेल इतकी गाढ झोप त्यांना लागली. बाळचं छप्पर पक्कं झालं होतं.

यंदा दादांच्या छातीत दुखू लागलं. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन, गुरुवारी. सोमवारी सकाळी दादा बहिणीला म्हणाले, ‘‘ते पाकीट जरा नजरेखालून घाल. सगळं ठीक आहे ना, एवढं सांग. म्हणजे मी निर्धास्त जातो.’’

‘‘माझ्या हातचं आहे ते,’’ बाई म्हणाल्या, आणि ऑफिसात गेल्या.

कपाट उघडलं, लाख फोडली. सवयीप्रमाणे शेवटचं पान आधी. दादांची सही, गाद्यांवर मोजमाप लिहितात तशी ठसठशीत. तारीख बरोबर. साक्षीदार एक, शिपाई. साक्षीदार दोन. तिथे ओळखीची, वळणदार, सदतीस वर्षांत वेलांटी न बदललेली सही होती. बाईंनी कौतुकाने मान हलवली आणि पान उलटलं. दुसरं पान, पहिलं पान. कलम चार: ‘माझ्या बहिणीस वरच्या मजल्यावर तहहयात राहण्याचा हक्क.’

बाई थांबल्या. शेवटच्या पानावर परत गेल्या. पुन्हा कलम चारवर आल्या. मग चष्मा काढून पुसला, आणि तरीही दोन्ही पानांवर तीच बाई होती.

शिपायाने पेन पुढे केलं आणि हात आपोआप गेला, एवढंच झालं होतं. जिने हजार वारसांना खोलीबाहेर काढलं, तिला स्वतःला बाहेर काढायचं सुचलं नव्हतं. आपल्याला कोणी काही देतंय ही गोष्टच तिच्या डोक्यात शिरली नव्हती. बाईंनी खुर्ची ओढली, बसून तो कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला आणि आतल्या टेबलाकडे नेला.

ऑफिस आता वकीलसाहेबांची मुलगी चालवायची. वकीलताईंना लहानपणी बाईंनीच मुळाक्षरं टाइप करायला शिकवली होती. त्यांनी दोन मिनिटं कागद वाचला आणि फार हळू आवाजात विचारलं, ‘‘बाई, ही सही तुमची?’’

‘‘माझी.’’

‘‘ट्रस्टीपद कदाचित टिकेल. पण राहण्याचा तुमचा हक्क नक्की जातो. आणि तुम्ही त्या घरात नसलात...’’

‘‘तर बाळ एकटा. पहिल्याच आठवड्यात कोणीतरी किल्ली मागेल आणि तो देईल,’’ बाई म्हणाल्या. ‘‘आणि जावई कोर्टात गेले तर बाकीची कलमंही वर्षानुवर्षं लोंबकळत राहतील. मला शिकवू नका, ताई. मीच तुम्हाला शिकवलंय.’’

‘‘मग नवीन करू या. त्यात काय? दादा आहेत तोवर काही बिघडलेलं नाही. गुरुवारच्या आत सही हवी, बस.’’

बस, म्हणे! सही दादांकडून घ्यायची होती, आणि दादांना कारण सांगायचं होतं. आता खरी गोष्ट सांगायची तर बाईंना या क्षणी बाळच्या छपराइतकीच, कदाचित तीळभर जास्तच, आपल्या नाकाची काळजी वाटत होती. दादांनी ही चूक पकडली असती तर पुढची वीस वर्षं जेवताना रोज ती ताटात वाढली असती. म्हणून घरी जाताना वाटेत बाईंनी एक कारण तयार केलं. सदतीस वर्षं वकिलांच्यात काढलेल्या बाईंना कारण सुचायला किती वेळ लागणार?

दादा एका जुन्या खुर्चीला पाठ बसवत होते. तोंडात चुका. बाळ कोपऱ्यात ऐरणीवर ठक ठक करत होता.

‘‘दादा, मृत्युपत्र परत करायचंय,’’ बाई सहज आवाजात म्हणाल्या. ‘‘नवा नियम आलाय.’’

‘‘कधी आला?’’

‘‘सोमवारी.’’

‘‘आज सोमवारच आहे.’’

‘‘सकाळी आला.’’

दादांनी एक चूक ठोकली. ‘‘मग मी जुन्या नियमाचाच राहू दे. एकदा सही केली आणि मेलो नाही. दुसऱ्यांदा करून वरच्याला कशाला आठवण करून देऊ?’’

‘‘दादा, हट्ट नको करूस.’’

‘‘नियम काय आहे तो सांग.’’

कोपऱ्यातली ठकठक चालूच होती. बाळने एक वाकडी चूक डोळ्याजवळ धरून बघितली, पुन्हा ऐरणीवर ठेवली आणि एक बारीक टोला मारला. त्याला त्या क्षणी जगातली कुठलीच काळजी नव्हती. ती सगळी आत्याने घेतली होती, आणि आत्या नियम बनवत उभी होती. बाईंना स्वतःची विलक्षण लाज वाटली.

‘‘नियम नाही आला,’’ त्या म्हणाल्या. ‘‘त्यात चूक झालीय.’’

‘‘कोणाची?’’

‘‘ऑफिसची.’’

‘‘ऑफिसला हात असतात?’’

‘‘माझी, दादा. माझी चूक झाली.’’

दादांची हातोडी थांबली. त्यांनी तोंडातल्या सगळ्या चुका तळहातावर काढून घेतल्या, ओठ पुसले, आणि पन्नास वर्षांची थकबाकी वसूल झाल्यासारखे हसले. ‘‘बाळ! इकडे ये रे. ऐक. आत्या परत एकदा म्हणणार आहे.’’

बाळ उठून आला. आत्याचा पडलेला चेहरा त्याने पाहिला. ‘माझी चूक’ एवढंच त्याच्या कानावर गेलं होतं. तो परत गेला आणि सरळ केलेल्या चुकांचा अख्खा डबा घेऊन आला.

‘‘तुझी हरवली?’’ त्याने विचारलं. ‘‘ही घे. माझ्याकडे खूप आहेत.’’

मागितल्यावर देणारा मुलगा होता तो; न मागताही देणारा. बाईंनी डब्यातली एक चूक उचलून पिशवीत टाकली. दादा हसायचे थांबले. मग बाईंनी सगळं सांगितलं. सही, कलम चार, हक्क कसा जातो, मागून काय काय होऊ शकतं. एकही शब्द गाळला नाही.

‘‘म्हणजे सात वर्षं पोरगा उघड्यावर होता?’’ दादांनी विचारलं.

‘‘हो.’’

‘‘आणि गुरुवारी मी ऑपरेशनच्या टेबलावरच गेलो असतो तर?’’

‘‘तर तसाच राहिला असता.’’

दादांनी तळहातावरच्या चुका एकेक करून डब्यात टाकल्या. ‘‘मी तो कागद वाचलाच नव्हता,’’ ते शेवटी म्हणाले. ‘‘तुझी सही दिसली, म्हटलं, आता काय वाचायचं.’’

चिडवण्यापेक्षा हे बाईंना जास्त लागलं. दादांनी ते चिडवायला म्हटलं नव्हतं, म्हणूनच लागलं.

‘‘चल, कुठे करायची सही? आण कागद,’’ दादा उठू लागले.

‘‘इथे नाही. घरी केली म्हणूनच झाली चूक. बुधवारी ऑफिसात यायचं. दार लावून, रीतसर.’’ बाईंचा आवाज ठिकाणावर आला होता. ‘‘आणि तिथे गेलेला माणूस मरतो म्हणालास तर मी ऑपरेशनच्या आधीच बघून घेईन तुझ्याकडे.’’

बुधवारी सकाळी दहाला तिघं ऑफिसात. दादांनी धुतलेला सदरा घातला होता आणि खिशात डॉक्टरांचा दाखला होता. ऑपरेशनच्या तोंडावर सही करणाऱ्या माणसाचं डोकं ठिकाणावर आहे, असं डॉक्टरने लिहून दिलेलं बरं, नाही तर पुढे कोणी फाटे फोडतं. दादांनी तो दाखला वाटेत तीनदा काढून वाचला होता.

‘‘डोकं ठिकाणावर आहे असं लिहिलंय,’’ त्यांनी वकीलताईंना सांगितलं. ‘‘सहीशिक्क्यानिशी. याची फ्रेम करून जिन्यात लावणार आहे, हिच्या येण्याजाण्याच्या वाटेवर.’’

मग ते अशिलाच्या खुर्चीत बसले आणि लगेच उठले. खुर्ची उचलून पालथी केली. ‘‘स्प्रिंगा गेल्यात हिच्या. बसणाऱ्याला वाटत असेल आपलीच कंबर गेली. माणसं मृत्युपत्र करायला का येतात ते आता कळलं!’’ वकीलताई इतक्या हसल्या की त्यांना पाणी प्यावं लागलं. साक्षीला दोघं आले होते: स्वतः डॉक्टर, आणि जिन्यापलीकडचा चष्मेवाला. दोघंही कोरे. दादांच्या घरातली टाचणीही त्यांना मिळणार नव्हती.

नवा मसुदा वकीलताईंनी स्वतः कॉम्प्युटरवर केला होता, बाईंना हात लावू न देता. तो त्यांनी टेबलावर ठेवला, पेन ठेवलं, आणि नेहमीचं वाक्य म्हटलं. ‘‘ज्याला ज्याला काही मिळणार आहे, त्याने बाहेर बसायचं.’’

बाळ शहाण्यासारखा उठला. बाई टेबलाशी उभ्याच. त्यांनी टीपकागद सरळ केला, शाईचं पॅड उघडलं. डॉक्टरांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

‘‘अगं,’’ दादा हळूच म्हणाले, ‘‘तुला सांगतायत.’’

बाई बाहेर आल्या. मागे दार लागलं. सदतीस वर्षांत त्या दाराची ही बाजू बंद असलेली त्यांनी पाहिलीच नव्हती. त्यावरचा रंग उडाला होता, मुठीजवळ पुष्कळ हातांचे डाग पडले होते. त्या बाकावर बाळशेजारी बसल्या. बाक खरोखर फारच वाईट होता.

‘‘आत्या, तू बाहेर का?’’

‘‘मला मिळणार आहे म्हणून.’’

‘‘काय?’’

वरच्या दोन खोल्या, असं बाईंना सांगायचं होतं. पण मनात आलं की आजवर या बाकावर बसलेली सगळी माणसं त्यांनी हावरट समजली होती. दाराला कान लावणारी, एकमेकांकडे न बघणारी. त्यांतल्या कितीजणांना नुसतं एवढंच कळायचं असेल की आत बसलेल्या माणसाला आपली आठवण आहे! आपली आठवण कोणीतरी ठेवली आहे हे बाईंना सात वर्षं माहीत होतं आणि आत्ता कळत होतं. पिशवीत परवाची चूक होती. ती त्यांनी बोटांत धरून ठेवली.

‘‘घर,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुला आणि मला.’’

‘‘बरं,’’ बाळ म्हणाला, आणि दुसऱ्या कोणाला हवंय का असं जिन्याकडे बघू लागला.

आतून दादांचा आवाज चढला. ‘‘लिहा म्हणतो ना! माझं मृत्युपत्र आहे की तिचं?’’ मग वकीलताई समजावतायत, मग पुन्हा दादा, मग छपाईयंत्राची घरघर. बाईंचा हात पेन्सिलीकडे गेला. त्या जागच्या हलल्या मात्र नाहीत. बाहेर बसायचं म्हणजे बसायचं.

थोड्या वेळाने दार उघडलं. सह्या झाल्या होत्या. दादा विजयी मुद्रेने बाहेर आले, बाकावर टेकले, ‘‘अरेरे’’ म्हणाले आणि बाकाचं माप घ्यायला लागले. दुसऱ्या दिवशीचं ऑपरेशन नीट पार पडलं, हे इथेच सांगून टाकायला हवं. दोन महिन्यांनी त्या बाकावर चांगली चार बोटं जाडीची गादी आली, आणि तिच्या चुका बाळने सरळ केलेल्या होत्या.

पण त्या बुधवारी दादा आणि बाळ पुढे निघून गेल्यावर, लाख लावण्यासाठी पाकीट बाईंच्या हातात आलं. वकीलताई म्हणाल्या, ‘‘एकदा वाचा. तुम्ही वाचलंत की मला झोप लागेल.’’

बाईंनी शेवटचं पान आधी वाचलं. दादांची सही, तारीख, डॉक्टर, चष्मेवाला. चोख. मग पुढची पानं. ट्रस्ट बरोबर. विकायचं नाही, गहाण नाही, बक्षीस नाही. राहण्याचा हक्क बरोबर. आणि त्याच्याखाली एक नवीन कलम होतं, जे कुठल्याच मसुद्यात नव्हतं.

‘माझ्या बहिणीने जन्मभर सगळ्यांचे कागद सांभाळले. माझ्यामागे बाळने तिला सांभाळावे.’

‘‘मी सांगितलं त्यांना,’’ वकीलताई म्हणाल्या. ‘‘म्हटलं, ही नुसती इच्छा झाली, कोर्टात याला काही अर्थ नाही. तर म्हणाले, कोर्टाला कोण सांगतंय, बाळला सांगतोय. त्याला सांगितलं की तो करतो.’’

बाईंच्या हातात लाल पेन्सिल होती. कधी काढली ते त्यांनाही कळलं नव्हतं. ‘सांभाळावे’ या शब्दावर ती थोडा वेळ तशीच राहिली. मग बाईंनी ती परत अंबाड्यात खोचली, पाकीट बंद केलं आणि लाख वितळवायला घेतली.